आधी घासल्यासारखा, मग तीन ठोके

‘माननीय महोदय’ अशी सुरुवात करून आपण कुणाच्या तरी प्रेमात पडणार आहोत, असं त्या दुपारी कुणी सांगितलं असतं, तर जागृतीने त्याला आधी ‘हळू बोला’ म्हणून दटावलं असतं. कारण जाई झोपत होती.

म्हणजे, झोपायच्या बेतात होती. दोन वर्षांची पोर. पापण्या जड व्हायच्या, बोटं सैल पडायची, तोंड किंचित उघडायचं... आणि नेमकी तेव्हाच ती दचकून उठून बसायची, जणू झोपेच्या दारातून कुणी तिला मागे ओढलंय. सरावलीतल्या त्यांच्या बिल्डिंगमागे, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, एक पत्र्याची शेड होती. एकेकाळचं कुणाचं तरी गोडाऊन. बाहेरून कायम बंद दिसायची आणि दुपार झाली की आतून आवाज करायची.

“एमायडीशीच्या शेजारी राहायचं नि आवाजाला भ्यायचं?” शेजारच्या रखमाकाकू म्हणायच्या. “आनि आईचं नावच जागृती, तर पोर झोपंल कशी गो?”

जागृती हसायची, पण वरवर. जाई झोपली तरच तिचं काम व्हायचं. कुठल्या कुठल्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांची पुटपुट हेडफोनमधून ऐकून टाईप करायची, हे तिचं काम. पालघरच्या कॉलेजातली बी.एस्सी.ची डिग्री, चांगले कान आणि दुपारची शांतता, एवढ्यावर घर चाललं होतं. जाईच्या बाबांनी मस्कतला दुसरा संसार मांडला, घटस्फोटाची कागदपत्रं झाली, आणि जागृतीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर भाड्याने घेतलं. त्या घराची किल्ली ती अजून अधूनमधून पर्समध्ये चाचपून बघायची.

वापीच्या शैलेशदादाला मात्र ते पटत नव्हतं. “पोर झोपत नाही, तू धड जेवत नाहीस, कामं मागे पडतात. एकटी कशाला हट्ट करतेस? दिवाळीला येतो तो टेम्पो घेऊनच येतो.”

“दिवाळीपर्यंत बघते रे दादा.”

“बघ. पण सामान बांधता बांधता बघ.”

म्हणजे गोष्ट साधी होती. जाई झोपली तर घर राहील. नाहीतर टेम्पो.

म्हणून त्या दुपारी, मांडीवर जाईला थोपटत, एका हाताने तिने मोबाईलवर शोधलं— ‘बोईसर इंडस्ट्रियल नॉइज’. आणि काय आश्चर्य! अगदी त्याच नावाचं पान समोर आलं. वर धुरांड्यांचं चित्र. खाली ओळ : ‘तारापूर पट्ट्यातल्या सर्व प्रकारच्या कर्कश आवाजांची इथे गांभीर्याने दखल घेतली जाते.’

कुठल्याही खात्याची इतकी स्पष्ट भाषा जागृतीने पहिल्यांदाच पाहिली. तिने लगेच लिहायला घेतलं.

‘माननीय महोदय,
विषय : पत्राशेडचा आवाज.
दुपारी मुलीला निजवताना रोज ऐकते. आधी घासल्यासारखा— ओल्या फरशीवरून लोखंडी कॉट ओढावी तसा. मग तीन ठोके. पहिले दोन रागाने, तिसरा पश्चात्तापाने. त्यावर एक लांबलचक शिट्टी. कुकरची नव्हे, कुकरची कधीतरी संपते. आणि मग एकदम काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ सगळ्यात वाईट. माणूस पुढच्या ठोक्याची वाट बघत श्वास धरून बसतो. कृपया दखल घ्यावी.
— जागृती, सरावली.’

उत्तर आलं, तेही जाई कूस बदलते न बदलते तोच.

‘काय लिहिलंय तुम्ही! तिसरा ठोका पश्चात्तापाने... मी इतक्यांदा ऐकलं, माझ्या लक्षात नाही आलं. तिसऱ्या ट्रॅकबद्दल म्हणताय ना?’

जागृती गोंधळली. ‘ट्रॅक आमच्यापासून लांब आहे. गाडीचा आवाज नाही हा.’

‘नाही नाही, गाडीचा नाहीच. तुम्ही पूर्ण ऐकलंत? सुरुवातीपासून शेवटपर्यंत?’

‘दुसरा काही इलाज आहे का? रोज ऐकते.’

‘रोज! मी हे सगळ्यांपुढे मांडलं तर चालेल?’

‘मांडा. सगळ्यांना कळू दे एकदाचं.’

मोबाईल बाजूला ठेवताना तिला वाटलं, देशात अजून चांगली माणसं शिल्लक आहेत.

दुसऱ्या दिवशी तिने ते पान उघडलं आणि हातातला दुधाचा कप तसाच राहिला. तिची तक्रार मोठ्या ठळक अक्षरांत झळकत होती. मथळा : ‘पत्राशेड या बँडचा पहिला अल्बम “जनरल शिफ्ट” : एका आईचं मत.’ खाली पान चालवणाऱ्याने लिहिलं होतं, ‘इंडस्ट्रियल, मेटल, अल्टरनेटिव्ह अल्बम मी शाळेपासून ऐकतोय. पण ऐकणं म्हणजे काय, ते काल कळलं.’ आणि त्याखाली लोकांची रांग. ‘कडक!’ ‘ताई, आमच्या डेमोवर पण कारवाई करा ना.’ ‘कुकरची कधीतरी संपते... वेड लागलंय मला.’

खातं नव्हतं ते. कुणा गाण्यावेड्याचं पान होतं! गोंगाटाला ‘इंडस्ट्रियल’ म्हणतात, किंचाळण्याला ‘मेटल’ म्हणतात आणि त्याचेही अल्बम निघतात, हे तिला पान खाली सरकवता सरकवता कळत गेलं. संतापाने सरकवत होती, पण वाचतही होती. एका मेटल अल्बमबद्दल त्याने लिहिलं होतं— ‘गिटारी बंद गोडाऊनमधल्या अंधारासारख्या जाड आहेत. पण ड्रमर फार घाईत आहे. त्याला बहुतेक शेवटची एसटी गाठायची आहे.’ दुसऱ्या एकाबद्दल— ‘गायक दुःखी आहे हे कबूल. पण दहाही गाण्यांत सारखंच दुःख? थोडा वेळ दुसरं एखादं वापरून बघायचं.’

जागृतीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तिने ते लगेच पुसलं आणि पानाच्या तळाशी दिलेल्या नंबरवर त्याला फोन लावला.

“तुम्ही माझ्या मुलीच्या झोपेचा तमाशा केलात!”

पलीकडून एक अगदी मऊ, घाबरलेला आवाज. “नाय... म्हणजे नाही— म्हणजे, तुमच्या मागे खरोखरची शेड आहे? पत्र्याची?”

“खरोखरची! खोटी शेड असते का?”

“आणि त्यातून... तीन ठोके येतात?”

“पहिले दोन रागाने,” ती दात आवळून म्हणाली.

“आलोच,” तो म्हणाला. “म्हणजे— येऊ का?”

* * *

तो प्रफुल्ल. चिंचणीचा. घरची चिकूची वाडी, थोडा मोगरा. पहाटे फुलांच्या पुड्या गाडीवर चढवायच्या, बागेचं पाणी बघायचं, आणि मग दिवसभर कान मोकळे. तो स्कूटरवरून उतरला तेव्हा बिल्डिंगच्या गेटशी रखमाकाकू वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या काळ्या टीशर्टवरच्या कवटीकडे बघून डोळे बारीक केले.

“अगो जागृती, हा डीपीवरचा मानूस कोन आला बघ!”

विजेच्या डीपीवर धोक्याची खूण असते तीच कवटी, तीच हाडं. जागृतीला इतकं हसू आलं की रागाचं तोंड पुन्हा जुळवायला तिला जाईचं झबलं उगाच नीट करावं लागलं.

“काय करतोस रे बाला?” काकूंनी चौकशी सुरू केली.

“ते... इंडस्ट्रियल, मेटल...”

“मेटलमदी हाय?” काकूंचा चेहरा एकदम बदलला. “कोनत्या कंपनीत? परमनंट का कंत्राट?”

“नाही काकू, मी फक्त ऐकतो.”

“ऐकतो? म्हंजे सुपरवायजर!” काकूंनी निकाल लावून टाकला.

प्रफुल्लने चिकूची पिशवी जागृतीपुढे धरली. “माफी म्हणून. अजून कडक आहेत. तांदळात ठेवा दोन-चार दिवस. घाई केली तर चीक राहतो.”

जाईने आईच्या कडेवरून हात लांब करून कवटीच्या डोळ्यात बोट घातलं. “बाऊ?”

“नाय गं,” तो तिला म्हणाला, अगदी गंभीरपणे. “हसतोय तो. बघ, सगळे दात दिसतात.”

जाईने बघितलं. मग तिनेही सगळे दात दाखवले. ते फारसे नव्हते.

जागृती बघत होती. मुलीशी कुणीही बोललं की ती अशीच बघायची— हात कुठे आहेत, नजर कुठे आहे, आवाज किती चढतो. या माणसाचा आवाज चढत नव्हता. दिवसभर किंचाळ्या ऐकणाऱ्या माणसाचा आवाज इतका हळू कसा?

भिंतीला वळसा घालून ती दोघं शेडच्या मागच्या दाराशी गेली. आतून घासल्याचा आवाज आला. प्रफुल्लचे डोळे देवळात शिरल्यासारखे झाले. मग तीन ठोके.

“तिसरा...” तो कुजबुजला.

“पश्चात्तापाने,” ती पुटपुटली, आणि दोघंही उगाचच दाराकडे बघू लागली.

आत चौघं होती. ड्रमवर अंकुश, रोलिंग मिलमध्ये पहिली पाळी करून आलेला. पत्र्यावर लोखंडी पाईप ओढत होता तो त्याचा चुलतभाऊ. गिटारवाला दोस्त. आणि माईकपुढे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, ओढणी कमरेला खोचलेली हेतल— अकाउंट्समध्ये कामाला. नुकताच जिच्या घशातून वाघ डरकाळला होता, ती जागृतीला बघून चिमणीच्या आवाजात म्हणाली, “सॉरी दीदी, तुम्हाला त्रास झाला का?”

“या जागृतीताई,” प्रफुल्ल म्हणाला.

“ह्याच?” अंकुशच्या हातातली काठी खाली पडली. “ताई, तुमी लिवलेलं मी मिलमधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. कुकरची कधीतरी संपते! हिंदीवाल्यांना भाषांतर करून सांगितलं मी. ते बोलले, भाभीजी ने क्या पकड़ा है!”

एवढं कौतुक जागृतीला लग्नातही मिळालं नव्हतं. पण ती आई होती. कौतुकाने विरघळून चालणार नव्हतं. “सगळं खरं,” ती म्हणाली, “पण माझी मुलगी दुपारी झोपत नाही. आणि ती झोपली नाही तर मला हे घर सोडावं लागेल.”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. शेड त्यांना दुपारचीच मिळायची. तरी हेतलने माईकची वायर गुंडाळायला सुरुवात केली. “दिवाळीपर्यंत बंद, दीदी. मग बघू.”

* * *

दुपारी गप्प झाल्या. जाई मात्र झोपेना.

जागृतीने पडदे ओढले, पंख्याची करकर तेल घालून घालवली, दाराची बेल काढून ठेवली. जाई त्या शांततेत छताकडे बघत पडायची, कसली तरी वाट बघत असल्यासारखी. जागृतीला वाटायचं, आपल्यातच काही कमी आहे. पोरीला आईची भीती कळते म्हणतात...

आणि अशाच वेळी मोबाईल हळूच थरथरायचा. प्रफुल्ल.

‘शांतता आहे तोवर एक ऐकून बघा. आवडला नाही तर कारवाई करा.’

पहिला अल्बम फिनलंडच्या कुठल्या तरी मेटल बँडचा होता. नाव वाचताना जीभ अडकायची. जागृतीने काम करता करता ऐकला आणि लिहिलं : ‘हा गायक चिडलेला नाही. याला भूक लागलीय आणि कुणाला ते कळत नाहीये. सहाव्या गाण्यानंतर कुणीतरी याला वरणभात दिलेला असावा, कारण सातवं बरं आहे.’

‘सातवं त्याने मुलगा झाल्यावर लिहिलंय,’ प्रफुल्लचं उत्तर आलं. ‘तुम्ही माणूस आहात की स्टेथोस्कोप?’

मग जर्मनीतल्या दोघांचा इंडस्ट्रियल अल्बम, बंद पडलेल्या कापडगिरणीत रेकॉर्ड केलेला. जागृतीचं मत : ‘वॉशिंग मशीनमध्ये कुणाच्या तरी खिशातलं नाणं राहिलंय. आधी वैताग येतो. मग नाणं कधी वाजतंय याची वाट बघायला लागतो. मग मशीन थांबतं आणि आपल्याला करमत नाही.’

‘करमत नाही, हे चांगल्या अल्बमचं लक्षण आहे,’ त्याने लिहिलं. थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. ‘माणसांचंही असेल.’

जागृतीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग उठून तांदळाच्या डब्यात हात घातला. चिकू मऊ व्हायला लागले होते.

तो आता दर दोन-चार दिवसांनी काही ना काही निमित्ताने यायचा. कधी मोगऱ्याची पुडी, कधी रखमाकाकूंकडे शेवळाच्या भाजीची चौकशी, जी पावसाच्या तोंडालाच मिळते आणि जिचा ऑक्टोबरात काही पत्ता नसतो. काकू विचारायच्या, “काय सुपरवायजर, आज सुट्टी?” आणि तो लाल व्हायचा. आणि जागृतीला नवल वाटायचं, की कवटीचा टीशर्ट घातलेला माणूस इतका लाल कसा होऊ शकतो!

एका संध्याकाळी तो दोघींना चिंचणीच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. सुरूच्या झाडांतून वारा येत होता. वाळूत बसल्यावर त्याने हेडफोन तिच्यापुढे धरले. “पुण्याची पोरं आहेत. अल्टरनेटिव्ह. ऐका.”

तिने सवयीने एकच कान झाकला.

“एकाच कानाने?” त्याने विचारलं.

“दुसरा जाईचा असतो.”

“कायम?”

“ती झाल्यापासून.”

प्रफुल्ल तिच्याकडे बघत राहिला. “म्हणजे आत्तापर्यंतचे सगळे अल्बम तुम्ही अर्धेच ऐकलेत! डाव्या बाजूचे. अहो, उजवीकडे वेगळी वाद्यं असतात. त्या जर्मन गिरणीत उजवीकडे एक बाई गुणगुणते...”

“मला नाणंच ऐकू आलं.”

“अर्ध्या कानाने एवढं ऐकता,” तो हळूच म्हणाला, “तर पूर्ण ऐकलंत तर काय होईल माझं?”

लाट आली, गेली. तिने बोटाने वाळूवर रेघ मारली, पुसली.

“एक गाणंभर,” तो म्हणाला, “जाईला मी बघतो. इथेच. तुमच्या समोर. तुम्ही दोन्ही कान लावा.”

जागृतीच्या मनात एकदम सगळं आलं— भरती, शिंपले घशात, कुत्री, वाळू डोळ्यांत. तिने त्याच्याकडे बघितलं. तो जाईपुढे मांडी घालून बसला होता, समुद्राच्या बाजूला पाठ करून, म्हणजे जाई पाण्याकडे धावली तर आधी त्याच्यावर आदळणार. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने दोन्ही कान झाकले.

डावीकडून गिटार आली, जुन्या झोपाळ्याच्या कडीसारखी. आणि उजवीकडून... उजवीकडून कुणीतरी शीळ घालत होतं, अगदी जवळ, जणू इतके दिवस तिथेच उभं होतं आणि तिने वळून बघितलं नव्हतं. तिचे डोळे मिटले. दोन वर्षांत पहिल्यांदा, जाई समोर जागी असताना, तिचे डोळे मिटले.

उघडले तेव्हा जाई कवटीवर वाळू ओतत होती आणि तो जागृतीकडे बघत होता.

“काय मत आहे?” त्याने विचारलं.

“मत...” आणि जे तोंडात यायला नको होतं तेच आलं. “शैलेशदादाचा फोन होता. धनत्रयोदशीला येतोय. टेम्पो ठरवलाय त्याने.”

प्रफुल्लच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. “मग... तुम्ही...”

“मी?”

“तुम्ही—” तो थांबला.

तिने वाट बघितली. सुरूची झाडं सळसळत होती. तो चष्मा काढून पुसायला लागला. मग म्हणाला, “वारा वाढलाय. जाईला गार लागेल.”

काहीच नाही. तेच ते, सगळ्यात वाईट असलेलं ‘काहीच नाही’.

* * *

त्यानंतर त्याचा मेसेज आला नाही. जागृतीने वाटी-चमच्यांपासून बांधाबांध सुरू केली. एका खोक्यावर चिकटपट्टी लावली, काढली, पुन्हा लावली.

दुपारी जाई नेहमीसारखी टक्क जागी. जागृतीला त्या गप्प खोलीचा एकदम कंटाळा आला. करमत नव्हतं, मान्य करायलाच हवं होतं. तिने मोबाईलवर पत्राशेडचं तिसरं गाणं लावलं, हळू आवाजात, स्वतःसाठी.

आधी घासल्यासारखा...

जाईने मान वळवली. अंगठा तोंडात गेला. तीन ठोके. पापण्या उतरल्या. लांब शिट्टी— बोटं सैल पडली, तोंड किंचित उघडलं. जागृती श्वास धरून बघत राहिली. पोर झोपत होती! या भयंकर आवाजात झोपत होती!

आणि मग एकदम काहीच नाही. जाई दचकून उठून बसली.

जागृतीने गाणं पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने ती उठत होती. पहिल्याच दिवशी आपल्या हाताने लिहिलं होतं आपण, हे सगळ्यात वाईट म्हणून, आणि तरी कळलं नव्हतं!

तिने जाईला कडेवर घेतलं, हेतलला फोन केला आणि अंकुशची पाळी सुटायची वाट बघत शेडच्या दाराशी उभी राहिली.

“गॅप काढायचा?” हेतल कळवळली. “दीदी, तो गॅप तर गाण्याचा जीव आहे!”

“काढू नका,” जागृती म्हणाली. आता तिला आपलं मत नक्की माहीत होतं, आणि ते सांगताना आवाज जरासुद्धा कापत नव्हता. “पण पोराला थोपटताना हात एकदम उचलला तर ते उठतं. हात हलका करत न्यायचा असतो. इतका हलका, की आहे की नाही कळू नये. पण असतो. तुमच्या गाण्यात सगळं आहे. फक्त तेवढा हात नाही.”

अंकुशने काठीचं टोक ड्रमच्या कडेवर टेकवलं. टप... टप... टप. जेमतेम ऐकू येईल असं. शिट्टीनंतरच्या त्या पोकळीत, कुणीतरी अंधारात बसलेलं आहे एवढंच सांगणारं.

हेतलच्या अंगावर काटा आला. तिने हात पुढे करून तो सगळ्यांना दाखवला. आणि जाई, घामेजलेल्या आईच्या खांद्यावर, त्या पत्र्याच्या शेडमध्ये, ठार झोपली.

त्या संध्याकाळी जागृतीने खोक्याची चिकटपट्टी काढली आणि वाट्या फडताळात परत लावल्या. मग मोबाईल घेतला.

‘माननीय महोदय,
विषय : चिंचणीच्या किनाऱ्यावर अर्धवट राहिलेला आवाज.
“मग तुम्ही” इथपर्यंत ऐकू आलं. पुढे काहीच नाही. तक्रारदाराने दोन्ही कान उघडे ठेवले आहेत. कृपया दखल घ्यावी.
— जागृती, सरावली. (पत्ता बदललेला नाही.)’

पाठवून टाकलं आणि मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवला. घाई नको म्हणून.

* * *

धनत्रयोदशीला शैलेशदादा आला. टेम्पो खाली उभा करून, घाम पुसत वर आला आणि दारातच थांबला. एकही खोकं नव्हतं. मागच्या शेडमधून भयानक आवाज येत होता. आणि गादीवर जाई गाढ झोपली होती.

“ही... झोपलीय?”

“रोज झोपते आता. बस ना, चहा टाकते.”

“ह्या असल्या आवाजात?”

“आवाज चांगला आहे दादा. ड्रम थोडा पुढे आहे, पण सुधारतोय.”

शैलेशदादाने बहिणीकडे असं बघितलं, जणू तिचा ताप बघावा की काय. तिने त्याच्यासमोर चहा ठेवला, चिकू कापून ठेवला. “टेम्पोवाल्याला भाडं मी देते. मी इथेच राहणार आहे. तू रागाव, पण खाऊन रागाव.”

त्याने चिकूची फोड तोंडात टाकली. मग दुसरी उचलली. “गोड आहे,” म्हणाला शेवटी, नाइलाजाने.

मागची शेड शेवटच्या हलक्या टप-टपवर येऊन थांबली. आणि जिन्यात कुणाच्या तरी चपला घासल्याचा आवाज आला, वर येणाऱ्याचे पाय मागे ओढत असावेत तसा. जागृतीचा हात बशीवरच राहिला.

मग दारावर तीन ठोके. पहिले दोन धीटपणे. तिसरा... तिसरा पश्चात्तापाने.

मग काहीच नाही.

“अगं, कुणीतरी आलंय,” शैलेशदादा म्हणाला. “उघड ना.”

ती दाराशी गेली, पण कडीवर हात ठेवून थांबली. दाराच्या पलीकडे श्वास ऐकू येत होता. तो परत जाईल? वारा वाढलाय म्हणेल? तिने डोळे मिटून दोन्ही कान लावले.

टप... टप... टप.

अगदी हलकं. बोटाच्या पेराने, दाराच्या चौकटीवर. आहे की नाही कळू नये इतकं. पण होतं.

जागृतीने दार उघडलं.

प्रफुल्ल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता, भांग पाडलेला, हातात मोगऱ्याची पुडी, आणि ती पुडी त्याने इतकी घट्ट धरली होती की कळ्या बाहेर यायला लागल्या होत्या.

“मग तुम्ही...” तो म्हणाला, आणि घसा साफ केला. “मग तू जाऊ नको. नाय— म्हणजे— नायच. जाऊ नकोस. जाईसाठी आवाज मी बघीन, शांतता मी बघीन. उजवा कान तुझा राहू दे. आणि आईला सांगून आलोय मी. ती म्हणाली, इतके दिवस काय ऐकत बसलेलास?”

जागृतीला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणी का आलं तेही कळेना. तिने पुडी त्याच्या हातातून सोडवून घेतली, कळ्या चुरगळू नयेत म्हणून. मग तो मोकळा झालेला हातही तसाच धरून ठेवला.

“गॅप लांबला,” ती म्हणाली.

“फार?”

“फार. पण थाप बरोबर पडली.”

मागून शैलेशदादाचा आवाज आला, “जागृती, कोण आहे हा?”

तिने उत्तर द्यायच्या आत समोरचं दार उघडलं. रखमाकाकू केव्हापासून कान लावून उभ्या होत्या, कुणास ठाऊक.

“घाबरू नको रे बाला,” त्या शैलेशदादाला म्हणाल्या. “चांगला पोरगा हाय. मेटलमदी हाय. परमनंट!”

आत जाईने कूस बदलली, आणि झोपून राहिली.